केल्टांचं आजोळ कराड

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळाला दिवाळीसाठी हॉल मिळाला तो नेमका हॅलोविनच्या संध्याकाळी. लक्ष्मीशेजारी सांगाडे कसे लटकवायचे, यावर कार्यकारिणीने रात्रंदिवस डोकी शिणवली आणि तोडगा काढला: सण मुळात आपलाच आहे, असं जाहीर करून टाकायचं.

"मुलांना गोष्ट तुम्ही सांगा, काका," अध्यक्ष उत्कर्ष म्हाताऱ्या शशिकांतांना म्हणाला. "सुगी संपली की युरोपातले जुने केल्ट लोक साविन करायचे, त्याचं पुढे हॅलोविन झालं. आणि साविन म्हणजे आपला पितृपक्ष. भारतातूनच नेला त्यांनी."

"कोण म्हणतं?"

"फॉरवर्ड आलाय. संशोधन आहे, काका."

थापा मारण्यात शशिकांतांचा हात उभ्या जन्मात कोणी धरला नव्हता. पण त्यांची थाप निदान घरची असायची. दुसऱ्याची उष्टी थाप मारायची म्हणजे शेजाऱ्याची कवळी लावून चकली खाण्यातला प्रकार.

खरी अडचण होती नात उर्जा. शाळेत ती साविनवर बोलली होती. आजोबांना सगळं तिनेच शिकवलं, वर अट घातली: "थापा नाही. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणायचं. नाहीतर मी तुमची गोष्ट परत कध्धी ऐकणार नाही." घरात त्यांची गोष्ट ऐकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मुलगा-सून त्यांनी तोंड उघडताच कानात इअरफोन घालत.

हॉल भरला. उत्कर्षने रेकॉर्डिंगसाठी फोन रोखला. समोर एवढी भाबडी मोठी माणसं बघून शशिकांतांच्या जिभेला खाज सुटली.

"केल्ट आले होते कराडला. सर्वपित्रीची खीर ओरपून असे सुस्तावले की निघेपर्यंत सुगी उलटली. मग घमेल्यात निखारे घेऊन चालत आल्प्स ओलांडला. निखारे विझू नयेत म्हणून वाटेत वडे तळत होते."

मोठे गंभीरपणे माना डोलवत होते. एका बापाने 'मी म्हणत नव्हतो?' अशा नजरेने बायकोकडे पाहिलं.

उर्जा उठली. "श्टिम्ट निश्ट. खोटं आहे," म्हणाली आणि दाराशी जाऊन बूट घालू लागली.

शशिकांत थांबले. घसा खाकरून म्हणाले, "मुलांनो, आतापर्यंतचं मोठ्यांसाठी होतं. त्यांना तेवढंच पचतं. आता खरं ऐका."

आणि त्यांनी सांगितलं: उन्हाळ्यात चरायला नेलेली गुरं खाली यायची. घरोघरची चूल विझवून एका मोठ्या जाळावरून पुन्हा पेटवत, असं जुन्या आयरिश पोथ्या म्हणतात. पुढच्या काळात लोक मेलेल्यांसाठी ताट वाढून ठेवत, मुखवटे घालून दारोदार फिरत, सलगम कोरून त्यात दिवा लावत.

"काका, हे कापून पहिलाच भाग ग्रुपवर टाकतो," उत्कर्ष कुजबुजला.

"टाक. कळपाला वैरण लागतेच."

"आजोबा," उर्जाने दारातूनच विचारलं, "मेलेले यायचे का खरंच?"

काय सुरेख उत्तर ओठांवर आलं होतं! त्यात एक काणा म्हातारा होता, आणि त्याचं ताट चाटणारं गाढवाचं भूत. शशिकांतांनी ते गिळलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. शब्द अगदी कडू लागले.

उर्जाने बूट काढला आणि पहिल्या रांगेत उत्कर्षच्या फोनसमोर फतकल मारली.

"पुढे सांगा."