कानाने मोजलेली फेक

मिलार्ड कोव्हॅक अडतीस वर्षं बेसबॉलचे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे गडी, पारखत आला होता आणि या उन्हाळ्यात त्याचं एकच पालुपद होतं, ‘हल्लीच्या पोरांच्या खांद्यात जोरच नाही!’ आयोवातल्या छोट्या लीगमध्ये जो कॅचर बघावा तो मेला मंद.

ड्वेन टिबेट्सचंही तेच. तसा पोरगा गुणी. मातीत आपटलेला चेंडू असा छातीवर घ्यायचा की तो निमूट पायाशीच पडायचा. पण समोरच्या संघाचा गडी दुसरा बेस चोरायला, म्हणजे चेंडू पडत असतानाच तो गाठायला, पळाला की कॅचरची खरी परीक्षा. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला की घड्याळ सुरू, त्याने फेकलेला तो दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचला की बंद. दोन सेकंदांत आलं तर टिकला. ड्वेन तीन दिवस २.१ वर अडलेला. मिलार्डने आपल्या क्लबला कळवून टाकलं होतं, ‘हात मंद. सोडावा.’

आज खेळाआधीच्या सरावातही तोच आकडा आला.

“किती?” शेजारून लोर्नाने विचारलं. ती दुसऱ्या क्लबची पारखी.

“दोन पॉइंट एक.”

“काहीतरीच! माझ्याकडे एक पॉइंट नव्व्याण्णव आहे.” मग पुढच्या फेकीला ती मैदानाकडे न बघता मिलार्डकडेच बघत राहिली. “अहो, तुम्ही मान खाली घालून काय ऐकताय?”

मिलार्ड चिडला, पण खोटं किती बोलणार? मार्चपासून त्याला दुसरा बेस धुरकट दिसत होता. म्हणून तिथल्या ग्लोव्हचा ‘थप्प’ ऐकला की तो घड्याळावर अंगठा दाबायचा.

“अरे देवा! म्हातारबा, तिथला आवाज इथवर यायला वेळ लागतो की! लांबून कुणी लाकडं फोडताना पाहिलं नाही कधी? कुऱ्हाड आधी पडते, आवाज मागून येतो.”

सगळ्याच पोरांचे खांदे गेले होते म्हणे! पावणेपाच झाले होते आणि ड्वेनला पाचला मॅनेजरने बोलावलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनिशी मिलार्ड पायऱ्या उतरत सुटला.

ऑफिसच्या दाराशी ड्वेन सामानाची बॅग घेऊन बसला होता. खेळाआधी बोलावणं आलं की काय समजायचं, हे या पोरांना सांगावं लागत नाही. मिलार्ड त्याच्याकडे न बघता आत घुसला.

“रुबेन, थांब! पोराचा हात मंद नाही. मलाच दिसत नाही.”

मॅनेजर रुबेनने मुख्य ऑफिसला फोन लावून त्याच्या हातात दिला. तिथल्या साहेबीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“हे मार्चमध्ये का नाही बोललात?”

“नोकरी जाईल म्हणून.”

“आणि त्या पोराची?”

मिलार्डचे लाजेने कान तापले.

“राहू दे त्याला,” बाई शेवटी म्हणाल्या. “तुम्ही उद्या आधी डोळे दाखवा. आणि या मोसमातला एकेक कॅचर पुन्हा बघायचा, लोर्नासारखं कुणीतरी शेजारी बसवून.”

“बघतो. सगळे बघतो,” मिलार्ड म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत.

रुबेनने दार उघडून आरोळी ठोकली, “टिबेट्स! बसलायस काय असा सुतकी तोंड करून? पॅड चढव. आज तूच कॅचर.”

ड्वेन उठला, पुन्हा बसला, मग त्याने सामान न्यायला निघालेल्या बायकोला फोन लावला.

“मॅगी, ट्रेलर घेऊन कुठवर आलीस? बरं, ऐक, गाडी वळव. नको, नको, वळवू नकोस! तशीच ये. मी खेळतोय गं आज.”