भावजींच्या वसुलीचा हिशेब

बँकेच्या साहेबांनी वहिनींच्या पुढे कागद सरकवला. शाळांना बाकं बनवून देणारा त्यांचा कारखाना. साहेब म्हणाले, "तुमची उधारी वसूल व्हायला सरासरी पाच महिने लागतात. मुदत देता दोन महिन्यांची! वसुलीचा माणूस बदला, नाहीतर कर्ज पुढे चालू ठेवणं अवघड आहे."

आता वसुलीचा माणूस म्हणजे कोण? सख्खे धाकटे दीर! कारखान्यात सगळे त्यांना लाडानं 'लोणी' म्हणायचे. आवाज चढवणं कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. मुख्याध्यापकांकडे जायचं, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि उठता उठता हळूच बिलाचा विषय काढायचा, अशी त्यांची वसुली. अशा माणसाला 'उद्यापासून येऊ नका' म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? वहिनींनी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं आणि त्यांना रडूच फुटलं.

सकाळी त्या कारखान्यात आल्या तर दारात ट्रक भरणं चाललेलं. दरवर्षीचंच ते. मार्चअखेर शाळा पुढच्या वर्षाची बाकं घेऊन ठेवतात, वर्षाचा तिसरा हिस्सा माल एकदम जातो, आणि हिशेबाचं वर्षही त्याच आठवड्यात संपतं. ट्रककडे बघता बघता वहिनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! साहेबांनी उधारीची येणं बाकी धरली ती नेमकी गेल्या वर्षाच्या शेवटच्या तारखेची. त्या दिवशी माल नुकता गेलेला असतो, पैसे काय आभाळातून पडणार?

तशाच त्या आत धावल्या. गेल्या वर्षाच्या बाराही महिनाअखेरच्या बाक्या काढल्या, त्यांची सरासरी घेतली आणि वर्षभराच्या उधार विक्रीशी ताडून पाहिली. वसुलीला पन्नास दिवस! पुन्हा केलं, तरी पन्नासच. त्यांनी लगेच साहेबांना फोन लावला. साहेब आधी कुरकुरले आणि शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आकडे पाठवा, कर्ज चालू राहील."

वहिनींनी फोन ठेवला आणि खुर्चीत अंग टाकून दिलं. कालपासून पहिल्यांदाच मोकळा श्वास आला होता!

तेवढ्यात भावजी आत आले आणि त्यांनी कारखान्याच्या मोटारसायकलची किल्ली टेबलावर ठेवली.

"वहिनी, बँकेचं आलंय माझ्या कानावर. तुम्हाला बोलायला जड जाईल. मीच जातो."

"आधी ती किल्ली उचला!" वहिनी कडाडल्या, आणि एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. "पन्नास दिवस, भावजी! मुदतीच्या आत!"

भावजींनी वाकून ती आकडेमोड पाहिली.

"म्हणजे... मला जमतं हे काम?"

"अहो, जमतं काय विचारता!"

त्यांनी किल्ली उचलली. डोळे भरून आले होते. "दादा गेल्यापासून मला वाटायचं, तुम्ही मला नात्यापोटीच ठेवून घेतलंय."

"नात्यापोटी काल रात्रभर रडले मी," वहिनी म्हणाल्या. "ठेवलंय ते तुमच्या कामानं."