उरलेला बोल्ट

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. निळी म्हणते खरी, पण टपावरचा रंग उडून आता तिथे नुसता पत्रा दिसतो, तेव्हा माझे हे म्हणणेही जरा सांभाळूनच घ्या. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. शर्यती जिंकलेल्या मोटारी असतात, मोठमोठ्या माणसांना घेऊन फिरलेल्या मोटारी असतात. मी एका घड्याळजींची मोटार. पण अंगणात उभी राहून राहून मनात इतके साचले आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. कंटाळा आला तर खुशाल उठून जा. मी काही तुमच्या मागे येऊ शकत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातले फारसे आठवत नाही. एक लांबलचक गार दालन होते, वर दिव्यांची रांग होती आणि एकामागून एक माणसे येत होती. कुणी दार बसवले, कुणी काच बसवली, कुणी चाके. प्रत्येक जण आपले काम झाले की ते अंगठ्याने दाबून पाही आणि मगच मला पुढे ढकली. ते अंगठे तेवढे अजून लक्षात आहेत.

घड्याळजींनी मला घरी आणले तेव्हा त्यांचे लग्न नुकतेच झाले होते. त्यांचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिची खिडकी अंगणात उघडते आणि त्या खिडकीखालीच मला जागा मिळाली. त्यामुळे त्यांचे काम मला रोज दिसे. डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास वाकलेले असत. घड्याळ उघडले की त्यातला प्रत्येक स्क्रू ते वेगळ्या वाटीत ठेवत. त्यांची अट एकच होती. काम चालू असताना पाठीमागे कुणी उभे राहायचे नाही. कुणी खांद्यावरून डोकावले की त्यांचा हात हले. मग ते गिऱ्हाइकाकडे न पाहताच पुटपुटत, "आपण उद्या या." त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, यावर हसत. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची पहिली भेट झाली तेव्हाही यांनी मान वर केली नव्हती. मी पसंत पडले ती माझ्या चपलांवरून."

ती वर्षे चांगली होती. आजूबाजूच्या गावांतल्या मनोऱ्यांवरची मोठी घड्याळे दुरुस्त करायला आम्ही जात असू. माझ्या टपावर लांब शिडी बांधलेली असे आणि मागच्या सीटवर काकू व त्यांची लहान मुलगी. मुलगी काचेवर पुढे आलेल्या शिडीच्या पायऱ्या मोजता मोजता झोपी जाई. नाक्यावरच्या गॅरेजचे म्हातारे उस्ताद माझे बॉनेट उघडून कान देत आणि म्हणत, "हिच्या ठोक्यावर घड्याळ लावून घ्या, मालक." मित्रांनो, एवढे कौतुक माझे नंतर कुणी केले नाही. खरे तर तेव्हाही मला वाटे, हे दुसऱ्याच कुठल्या मोटारीविषयी बोलत असावेत.

मग मनोऱ्यांवर विजेची घड्याळे आली. मुलगी लग्न होऊन दूर गेली. मी खिडकीखाली नुसतीच उभी राहू लागले. धूळ बसली. सीटवर जुन्या घड्याळांची खोकी येऊन पडली. आणि मग काकूंच्या किडन्या निकामी झाल्या. दिवसाआड पहाटे त्यांना नदीपलीकडच्या दवाखान्यात डायलिसिससाठी न्यावे लागे. त्या वेळी त्या रस्त्याला बस नसते. घड्याळजींनी खोकी उतरवली, माझ्या काचा पुसल्या आणि मी पुन्हा कामाची झाले. याचा आनंद मानावा का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एके दिवशी चढावर माझे इंजिन तापले. घड्याळजी गॅरेजकडे गेले, तर तिथे रंगाचे दुकान लागले होते. उस्तादांची नजर गेली होती आणि ते मुलाकडे राहायला गेले होते. कुणा गिऱ्हाइकाने सांगितले, एक कारागीर आहे, घरी येऊन काम करतो, गॅरेजची भानगडच नको.

तो आला. तरतरीत, गोड बोलणारा, खांद्याला हत्यारांची पिशवी. माझे बॉनेट उघडण्याआधीच त्याने निदान सांगून टाकले, "दहा मिनिटांचं काम आहे, काका." काकूंनी त्याच दिवशी त्याचे नाव दहामिनिटे ठेवले. ते इतके शोभले की त्याचे खरे आडनाव विचारायचे राहूनच गेले. तो मोठ्या गॅरेजवाल्यांना नावे ठेवी. ते लोक साहेबांसारखे लांब उभे राहतात, आपण मात्र हाताने काम करतो, असे तो सांगे. घड्याळजींना ते पटले. हाही आपल्यासारखाच एकटा कारागीर, पाटी नाही, नोकर नाही. ते म्हणाले, "तुम्ही निवांत करा. मी आत आहे." आणि ते खरोखरच आत जाऊन बसले.

मित्रांनो, इथेच सगळे बिनसले, असे मला वाटते. पण मी मोटार आहे, मला काय कळते?

इंजिन थंड ठेवणारे पाणी गळत होते. ती गळती त्याने कसलासा चिकट लगदा लावून बुजवली. मी पुन्हा तापले. मग त्याने इंजिनच उघडायचे ठरवले. इंजिनाच्या दोन भागांच्या मधे गॅस्केट नावाची एक पातळ पट्टी असते. ती फाटली की पाणी भलतीकडे जाते. माझी फाटली होती. त्याने माझे बोल्ट काढले आणि सगळे एका डब्यात भडाभडा ओतले. तो आवाज खिडकीतून आत गेला. घड्याळजींनी भिंग काढले. ते उठले, दारापर्यंत आले. मी मनात म्हणत होते, या, आणखी दोन पावले या. ते उंबऱ्यावर थांबले. काकूंनी विचारले, काय झाले? ते हळू आवाजात म्हणाले, "काही नाही. मी मागे जाऊन उभा राहिलो तर त्याचा हात हलेल." आणि परत फिरले.

त्यानंतर दहामिनिटे नाहीसा झाला. उघड्या इंजिनावर एक गोणपाट टाकून तो गेला, तो येईचना. फोन केला की म्हणे, सामान मिळत नाहीये. मग म्हणे, रस्त्यातच आहे. एका खेपेला शेजाऱ्यांनी काकूंना दवाखान्यात सोडले. पुढचे डायलिसिस गाडी न मिळाल्याने चुकले. काकूंच्या पायांवर सूज आली, चप्पल चढेना. रात्री त्यांना आडवे पडवत नसे. त्या खिडकीशी उशीला टेकून बसून राहत आणि मला त्यांचा श्वास ऐकू येई. दवाखान्यातून निरोप आला की आता येणारे डायलिसिस कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. घड्याळजींनी दहामिनिट्याला फोनवर विनवले. रागावणे त्यांना जमत नाही. विनवतानाही ते माफी मागितल्यासारखे बोलत होते.

डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी तो आला. घाईत होता. नवी गॅस्केट त्याच्याजवळ नव्हती. माझी जुनीच पट्टी त्याने पुसली, तिला चिकटद्रव्य फासले आणि बसवली. भराभर बोल्ट आवळले. डब्याच्या तळाशी एक बोल्ट उरला. त्याने तो बोटांत फिरवला, खिडकीकडे पाहिले आणि पायाने गवतात ढकलला. मी ओरडू शकत असते तर ओरडले असते. तसा हॉर्न आहे मला. पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

काकूंनी मात्र तो पाहिला. त्या भिंतीला धरून धरून अंगणात आल्या होत्या. त्यांनी बोट दाखवून विचारले, "हा कुठला?"

"हा जास्तीचाच असतो, काकू. कंपनी देते एखादा वर."

"कंपनी एवढी उदार कधी झाली?"

तो हसला. घड्याळजीही तोवर बाहेर आले होते. त्यांनी बोल्ट उचलून रुमालाने पुसला. आयुष्यभर त्यांनी घड्याळे उघडली आणि मिटली, यंत्रात जास्तीचे काही नसते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? त्यांचे ओठ हलले. मला वाटले, आता बोलतील. पण दहामिनिटे हात पुसत म्हणाला, "विश्वास नसेल तर सांगा, काका, परत उघडतो सगळं." आणि ते खजील झाले. सकाळसाठी सांगून ठेवलेली भाड्याची गाडी त्यांनी फोन करून नको म्हटली. कारागीर बिचारा मन लावून काम करून गेला आणि आपण दुसरी गाडी आणायची, हे त्यांना बरे दिसेना.

पहाटे आम्ही निघालो. काकू मागे बसल्या होत्या, मांडीवर शाल घेऊन. पहिल्या वळणापासूनच माझ्या पोटात जिथे बोल्ट नव्हता तिथून पाणी झिरपू लागले. मी म्हटले, पूल ओलांडू दे, तेवढा एक पूल. तापमानाचा काटा चढत होता. घड्याळजी त्याच्याकडे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखे करत होते. पुलाच्या ऐन मध्यावर माझ्यातून वाफ उसळली, काहीतरी कडकन वाजले आणि मी थांबले.

त्यांनी भाड्याच्या गाडीवाल्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिशेला गेला होता. दवाखान्याची गाडी दुसऱ्या रुग्णाला आणायला गेली होती. मग त्यांनी दहामिनिट्याला फोन लावला. तो म्हणाला, "हलू नका, काका, दहा मिनिटांत पोचतो." आणि मित्रांनो, घड्याळजी थांबले. कठड्याला टेकून रस्त्याकडे पाहत उभे राहिले. उजाडले. वाहने शेजारून जाऊ लागली. कुणी हॉर्न वाजवला, कुणी शिवी हासडली. मागच्या सीटवर काकूंचा श्वास तुटत होता. मला त्यांच्या अंगाचा भार जाणवत होता आणि मी काहीही करू शकत नव्हते. चाके शाबूत, दिवे शाबूत, तरी मी लोखंडाचा एक ढीग होते. कदाचित चूक माझीच असेल, असेही तेव्हा वाटले. दुसरी एखादी मोटार पूल ओलांडून गेली असती.

शेवटी काकूंनी काच खाली केली. "अहो, इकडे या."

ते आले.

"त्याचा हात हलू नये म्हणून तुम्ही आत बसून राहिलात." त्यांनी स्वतःचा हात खिडकीबाहेर काढला. तो थरथरत होता, बोटे निळसर पडली होती. "आता हा बघा."

घड्याळजींनी तो हात पाहिला. मग, ज्या माणसाने आयुष्यात कधी कुणाला हाक मारून थांबवले नव्हते, तो माणूस रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. पावाची एक गाडी कचकन ब्रेक लावत त्यांच्या छातीपाशी येऊन थांबली. चालक चिडून म्हणाला, "काका, मरायचंय का?" घड्याळजी म्हणाले, "नाही. हिला जगवायचंय." चालकाने माझ्या मागच्या सीटकडे पाहिले आणि आपल्या गाडीचे दार उघडले. दोघांनी मिळून काकूंना उचलले. माझी चावी तशीच लटकत राहिली.

त्या दिवसासारखा दिवस मी पाहिला नाही. वर ऊन, खाली नदी आणि मागच्या सीटवर काकूंची शाल. त्या वेळेत पोचल्या का? असतील तरी का? कुणाला विचारणार?

दुपार कलली तेव्हा मोटारसायकलवरून दहामिनिटे आला. बॉनेटवर थाप मारून तो इकडे-तिकडे पाहत होता, तेवढ्यात घड्याळजी चालत पुलावर आले. चेहरा ओढलेला, शर्टाला पीठ लागलेले. दहामिनिटे म्हणाला, "छोटीच गोष्ट आहे, काका. तुम्ही सावलीत बसा."

"तुमची काकू वाचली," घड्याळजी म्हणाले. "तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. छातीत पाणी भरलं होतं. आठवडाभर तिथेच राहायचंय तिला." मग ते माझ्या दिव्याला हात लावून उभे राहिले. "आता उघडा. मी इथेच उभा आहे. काय काढता, काय बसवता, मला दाखवून करा."

दहामिनिट्याने पाना काढला. परत ठेवला. मोठा पाना घरी राहिला म्हणाला, आणायला गेला, आणि पुन्हा दिसला नाही.

मला ओढून घरी आणले. आता मी खिडकीखाली उभी आहे. उष्णतेने माझे इंजिन वाकले असेल तर मी संपले. नसेल तर कदाचित चालेन. काकू घरी आल्या आहेत आणि आता त्या पावाच्या गाडीतून दवाखान्यात जातात. त्यांच्या साडीला भाजलेल्या पावाचा वास येतो, आणि मला मेलीला त्याचाही हेवा वाटतो.

मित्रांनो, उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या हातात उद्या पाना येईल, तेव्हा काम झाल्यावर अंगठ्याने एकदा दाबून पाहा. चुकले तर चुकले म्हणा. आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, त्यांनी तिला दुसऱ्याच्या स्वाधीन करून आत जाऊन बसू नये. भिडेपोटी गप्प बसलात तर त्याचे भोग मागच्या सीटवरच्या माणसाला भोगावे लागतात.

आज एक नवी बाई मला तपासायला येणार आहे. गॅरेज चालवते म्हणतात. घड्याळजींनी सकाळीच अंगणात माझ्यासमोर एक खुर्ची आणून ठेवली. ती पाहून काकू म्हणाल्या, "माझीही आणा. मला जे विचारायचं असतं, ते तुम्हाला ऐन वेळी सुचत नाही." त्यांनी दुसरी आणली. दोघे बसले आहेत. मला फार भीती वाटते आहे. पण फाटकाची कडी वाजली, आणि दोघांपैकी कुणीही उठून आत गेलेले नाही.