ताडपत्रीखालची मिनीबस

मी एक जुनी मिनीबस आहे. माझा आराखडा जपानी. या मॉडेलच्या गाड्या म्हणे अजूनही तयार होतात. त्यांना रस्ता दिसतो. मला तीन वर्षं फक्त ताडपत्री दिसत होती.

माझे मालक आणि चालक एकच, रनाळ्याचे झिपरू. तेरा वर्षं आम्ही नंदुरबारहून धडगावचा घाट चढलो. मिरचीच्या हंगामात टपावर पोती असत आणि आत सगळे शिंकत. चढ आला की झिपरू म्हणत, "चाल वं माय!"

मग त्यांची नजर अधू झाली. त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलं. पण मला विकणं त्यांच्या जिवावर आलं. ऊनपाऊस लागू नये म्हणून त्यांनी मला चाकांपर्यंत झाकलं. रोज ते दोर चाचपून बघत. त्यांच्या पत्नी धनुबाई ओट्यावरून चिडवत, "मन्ही सवतले पांघरुन नीट घाला, सर्दी व्हई जाई तिले!"

मित्रांनो, ही मायाच मला खात होती. जमिनीतला ओलावा वर येई, ताडपत्रीत अडके आणि गार पत्र्यावर थेंब होऊन जमे. वरचा रंग चकचकीत राहिला, खालचा पत्रा गंजत गेला. मला तर घाटाची ओढ लागली होती. पण सांगणार कशी?

एकदा डोंगरातल्या पाड्यावरून सुरुपसिंग आले.

"दादा, आमच्याकडे गाडीच येत नाही. आजारी माणसाला झोळीतून उतरवतो. ही द्या."

झिपरूंनी विकायला साफ नकार दिला, "हाई इकानी नही शे. पन देख, नवी नवरीगत ठेयेल शे!"

झिपरूंनी ऐटीत ताडपत्री ओढली, दार उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला. पायरी मोडून पाय थेट मातीत गेला.

धनुबाईसुद्धा हसल्या नाहीत. झिपरूंनी गंजाचा चुरा बोटांनी चाचपला. "मी तं झाकी ठेयेल व्हती..."

"पत्रा बदलता येईल, दादा. आरटीओचं पासिंगही करून घेऊ."

झिपरूंनी माझी किल्ली सुरुपसिंगांच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "लई जा भाऊ. पन झाकू नको. रोज चालाड."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल किंवा शिवणयंत्र जपून झाकलेलं असेल. ते वापरा. नाहीतर ज्याला गरज आहे त्याला द्या, ते शाबूत आहे तोवर.

मी आता पुन्हा घाट चढते. सुरुपसिंगांचा स्टिअरिंगवरचा हात हलका आहे. नंदुरबारला गाडी भरते, माणसं दाटीवाटीने उभी राहतात. तरी चालकाशेजारची सीट सुरुपसिंग झिपरूंसाठी राखतात, गाडी निघेपर्यंत कुणाला देत नाहीत. झिपरू अजून आलेले नाहीत.