पोटात खुळखुळणारा पृथ्वीगोल

"साहेब, तैवान घ्यायला चीन लढाई करेल का?"

मित्रांनो, हुमेराने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो. पैज तिच्या वर्गातल्या माधुरी आणि महेकने लावली होती. भूगोल दिनाच्या पाहुण्यांना विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमची दप्तरं वाहा! हुमेरा कसली मागे हटतेय? पण विचारून झाल्यावर तिची बोटं माझ्यात रुतली. प्रश्न पैजेचा होता, धाकधूक मात्र घरची होती.

मी महाडच्या एका घरातला म्हातारा पृथ्वीगोल. हुमेराच्या वडिलांनी, हैदरअब्बांनी, मला कुवेतहून आणलं, तेव्हा माझे समुद्र असे चमकायचे की गल्लीतली पोरं रांग लावायची. हुमेराचा भाऊ अर्शद माझ्यावर बोट फिरवत मोठा झाला आणि जहाजावर नोकरीला लागला. पुढे नकाशे मोबाइलमध्ये आले आणि मी कपाटावर गेलो. विषुववृत्तावरची पट्टी सुटली, धूळ साचली, कुणी फिरकलं नाही.

मग अर्शदचं जहाज तैवानला जाऊ लागलं. त्याची अम्मी, महरुन्निसा, रोज मला खाली काढून त्या चिमुकल्या बेटावर बोट ठेवायची. ठेवून ठेवून तिथला रंगच उडाला. बेट चीनच्या रंगाचं होतं की वेगळ्या, आता मलाही आठवत नाही.

यंदा अर्शद सुट्टीवर आला आणि टीव्हीवर त्याच बेटाभोवती लढाऊ जहाजं दिसू लागली. लगेच त्याचा पासपोर्ट हरवला. जहाजावर जायला आठच दिवस! गाद्या उलटल्या, तांदळाची पिंपं उपसली. मला कोण विचारतो? पासपोर्ट माझ्या पोटात होता. अम्मीने मला उघडून तो आत टाकला आणि पट्टी खळीने चिकटवली. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. जरा हललो की आत खट्ट.

भूगोल दिनाला अम्मी पाचाडला मावशीकडे होती. हुमेराने न विचारताच मला शाळेत नेलं.

पाहुणे होते कुडपणचे आबाजी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार.

"मला ठाऊक नाय पोरी," ते म्हणाले. "माझ्या शेताचा शेजारी दांडगा हाय. कोयता घेऊन कधी आला नाय. पण लावणीच्या आधी दरसाल बांध तासतो, वीतभर. मी बांधावर उभा राह्यलो की त्याचं फावडं थांबतं. उद्या कोयता आणणारच नाय, असं कसं सांगू?"

मुलं हसली. हुमेरा नाही हसली. "मग भीती नाही वाटत?"

"वाटते की. घरी सांगून जातो. बायको बोलते, जपून. बांधावर जाऊ नको, असं बोलत नाय. माझं फावडंही लपवत नाय."

पैज जिंकून हुमेरा उड्या मारत घरी निघाली, आणि मी खुळखुळलो. ती थांबली. मला कानाशी धरून हलवलं. नखाने पट्टी सोडवली, आत पाहिलं, आणि माझे दोन्ही अर्धे भाग पोटाशी धरून सरळ घरी आली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, कधीमधी फिरवा, एवढंच मागणं आहे. पण ज्या वस्तूवर बोट ठेवून मुलं दूरचे देश शोधतात, तिच्या पोटात त्यांची वाट बंद करू नका. आमच्याने ते सोसत नाही.

संध्याकाळी अम्मी परतली. अब्बा चहा घेत होते. हुमेराने मला दोघांच्या मधे ठेवलं, वर पासपोर्ट. अम्मीने पदर तोंडाशी नेला. अब्बांनी कप खाली ठेवला.

"लढाई होईल की नाही, सुभेदारांनाही ठाऊक नाही," हुमेरा म्हणाली. "अम्मी, भीती मलाही वाटते. ती भाईला सांगू, हवं तर दोघी मिळून रडू. पण हा पासपोर्ट मी आत्ता त्याच्या हातात देणार आहे. जायचं की नाही, ते तो ठरवेल."