दगडोबाची बारा पावलं

सकाळपासून तिसऱ्यांदा मावशी "नाही म्हणजे नाही" म्हणाली, तेव्हा रेकॉर्डिंगवाल्या जाड्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि तो छताकडे बघत बसला. आता मधे पडणं म्हणजे हात पोळून घेणं.

मावशीचं काम ऐकून लोक आधी हसतात. पडद्यावरची चित्रं चालतात खरी, पण त्यांच्या पावलांना आवाज कुठून येणार? चित्राचा पाय पडला की त्याच क्षणी मावशी पाय टाकायची, कधी वाळूत, कधी फरशीवर, आणि जाड्या तो आवाज टिपायचा. या ॲनिमे मालिकेतल्या चौघांचं चालणं दीड वर्ष तिनं एकटीनं पायावर घेतलं होतं.

चौघांचा म्होरक्या दगडोबा. हे नाव मावशीनेच ठेवलेलं. दगडच मेला! सोबत्यानं जीव वाचवला तरी आभाराचा शब्द नाही, समोर कोणी ढसाढसा रडलं तरी मान वळायची नाही. म्हातारा वैद्य त्याला टरकून असे. धनुष्यवाली त्याचा राग राग करी. तरी दोघंही मुकाट त्याच्या मागे चालत, कारण वाट त्या एकट्याला ठाऊक होती. आणि चौथा तो बडबड्या. अकरा भाग त्यानं दगडोबाच्या कानाशी टकळी चालवली, आणि उत्तर काय मिळालं? "हं." बस, एवढंच. मावशीचा सगळा जीव या बडबड्यावर.

आज शेवटचा भाग होता. बडबड्या जखमी होऊन बर्फात पडतो. दगडोबा येऊन त्याच्यापाशी उभा राहतो. बडबड्याचे डोळे मिटतात, आणि पुढे संहितेत एकच ओळ: 'पडदा काळा. बारा सेकंद पावलं. तो थांबत नाही.'

"म्हणजे टाकून जातो?" मावशी कडाडली. "इतकं सोबत चाललेल्या माणसाला? अहो, त्याची पावलं मी चाललेय. त्याला बर्फात टाकून मी घरी कशी जाऊ?"

"बसने जा," दिग्दर्शक म्हणाला. पाठीमागे सगळे त्याला फ्रीज म्हणत, ते उगाच नाही. "सहाला भाग पाठवायचाय, बाई. चाला."

"दोन पावलं गेला की थांबवते त्याला. मग परत फिरवते. पडदा काळाच आहे, कोण बघतंय?"

"तो थांबत नाही, वळत नाही, बोलत नाही. आज वळला तर अकरा भाग आपण थापा मारल्या असं होईल."

मावशीला संताप आला, आणि त्याहून जास्त संताप याचा आला की माणूस बरोबर बोलत होता. दगडोबा वळला असता तर तो दगडोबा राहिलाच नसता. पण म्हणून बडबड्याला मरू द्यायचं? तिनं फणकाऱ्यानं जड बूट चढवले.

लांबट खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडेमिठाची पट्टी अंथरली होती. मिठावर पाय पडला की बर्फावर पडल्यासारखा वाजतो. अलीकडच्या टोकाला माइक. मावशी तिथून निघाली आणि बारा पावलांत पलीकडे पोचली. जाड्यानं ऐकवलं. करकर, करकर, मग बारीक करकर, मग काहीच नाही. बर्फात आपणच पडलोय आणि कोणीतरी आपल्याला सोडून चाललंय, असं वाटलं तिला.

आणि तिथेच ती चमकली.

"जाड्या, माइक या टोकाला का रे?"

"बडबड्या तिथे पडलाय म्हणून. आपण त्याच्या कानानं ऐकतोय."

"आणि त्याला उचलला तर?"

दिग्दर्शकानं कागदातून मान वर केली.

"थांबत नाही, कबूल," मावशी एकेक बोट मोजत म्हणाली. "वळत नाही, बोलत नाही, तेही कबूल. पण निघण्याआधी वाकून पाठीवर घेत नाही, असं कुठे लिहिलंय? दाखवा! पावलं तीच, बाराच. फक्त माइक माझ्या खांद्याशी, त्याचा कान असेल तिथे. म्हणजे पावलं कानापासून दूर जाणार नाहीत."

"मोकळ्या माणसाचं पाऊल वेगळं," दिग्दर्शक म्हणाला. "ओझं घेतलेल्याचं वेगळं."

"ते मला शिकवू नका. बसा पाठीवर."

"मी?"

"मग काय जाड्याला घेऊ? कंबरडं मोडेल माझं!"

जाड्या फिस्सकन हसला. दिग्दर्शक होता काडीपैलवान, पण मावशीही पंचावन्नची, आणि उजवा गुडघा रोज तिच्याशी भांडणारा. त्यानं घड्याळ पाहिलं, माइक हातात घेतला आणि अवघडून तिच्या पाठीवर चढला.

ती निघाली. चार पावलं बरी गेली. सातव्याला गुडघ्यातून कळ आली ती थेट मस्तकात. पडले तर याच्यासकट पडेन, तिनं मनाशी ठरवलं, पण बाराव्याच्या आधी नाही. आणि नाहीच पडली.

जाड्यानं ऐकवलं. काळा पडदा, जड पावलं. आधी वाटतं, निघाला. मग आवाज कमी होईल म्हणून आपण वाट बघतो, आणि तो होत नाही. आठवं पाऊल तितकंच जवळ, नववंही. जाड्यानं गुपचूप नाक पुसलं. दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मावशीचा जीव टांगणीला लागला.

"सातव्या पावलाला तुम्ही कण्हलात," तो म्हणाला. "तो कण्हत नाही. परत घेऊ."

परत! म्हणजे बडबड्या वाचला. मावशीचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून ती बुटाची नाडी आवळत बसली.

दिग्दर्शकानं खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मग फोन. मग घड्याळ, कोट, पट्टा. मग खाली बसून त्यानं जाड तळव्यांचे वजनदार बूट एकेक करून उतरवले.

"सर, किल्ल्या वाजतात हे कळलं," जाड्या म्हणाला. "पण बूट कशाला?"

"टेक दोन," तो म्हणाला, आणि नुसत्या पायमोज्यांवर मावशीच्या मागे येऊन उभा राहिला.