मल्लव्वाची वस्ती

माझ्या दिराला, गुरप्पाला, खोटं बोलायला येत न्हाय. तरीबी त्यो बोलतो, ह्येचाच मला राग.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्येच्या दुसऱ्या सालाला मैंदर्गीकडनं नवा रस्ता निघाला. आखणीवाल्यांनी चुन्याची रेघ थेट आमच्या शेतातल्या घरावरनं नेली की! आजेसासऱ्यानं, पंचाक्षरीनं, बांधलेलं दगडी घर. कुनीतरी सांगितलं, सोलापूरच्या कचेरीत अर्ज करा, घर ऐतिहासिक ठरलं तर रस्ता वळवत्यात. गुरप्पानं अर्ज केला आन एक दिवशी साहेब बगायला आले.

गुरप्पा फेटा बांधून पुढं. "साहेब, शिकारीला आलेलं राजं हितंच उतरलं व्हतं. ह्याच बाजंवर झोपलं."

आता ती बाज म्या गेल्या साली अक्कलकोटच्या बाजारातनं आनलेली! साहेबांनी बाजंला हात लावून बगितला. माझ्यानं ऱ्हावंना.

"कसला राजा, भावजी? राजा सोडा, त्येचा घोडाबी हितं पानी प्याला न्हाय!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे ऐतिहासिक असं इथं काही नाही?"

"वहिनी, घालवलंत घर!" गुरप्पा किंचाळला. खरंच, माझ्या तोंडापायी घर जातंय का काय? पर तोंड उघडलंच व्हतं, मग मिटून कशाला घेऊ?

"राजा न्हाय आला, साहेब. मानसं आली," म्या म्हनलं. "बसा, सांगते."

आमच्या बांधापल्याड तवा निजामाचं राज्य. रझाकारांचा धुमाकूळ चालला, तशी तिकडची मानसं पोरंबाळं काखंत मारून आमच्या शेतात यायला लागली. मागनं हिंदुस्थानची फौज शिरली, तर तिकडचे गरीब मुसलमान भिऊन आले. माझी सासू मल्लव्वा. लई कडक बाई. तिनं कुनाला जात इचारली न्हाय, गाव इचारलं न्हाय. "जेवलास का?" येवढंच इचारायची. एका चुलीवरची भाकरी समद्यांस्नी. आन दळायला कोन? म्या! नवी नवरी, हळद निघाली न्हाय तवर जात्याला जुंपली. हाताची सालपटं निघाली. वर म्हातारी म्हनायची, "पीठ भरड पडलंय, शिवबाई." ती मरंस्तवर आमचं एक दिवस पटलं न्हाय.

साहेब म्हनले, "बाई, हे सगळं तुम्ही घरचे सांगता. बाहेरचं कुणी सांगेल का? मी गुरुवारी परत येतो."

म्या बाजारात, देवळात, दर्ग्यात, दिसंल त्येच्याजवळ निरोप धाडला. मल्लव्वाच्या हातचं ज्येनं खाल्लंय त्येनं बिस्तरवारी वस्तीवर यावं. गुरप्पा म्हनला, "पंचवीस वर्सं झाली. कोन येतंय, वहिनी?" माझं मन मलाच खात व्हतं.

बिस्तरवारी साहेब येऊन बसले. च्या झाला, पान झालं. रस्ता सामसूम. आन मग बांधापल्याडनं एक ट्रक आला, मानसांनी खच्चून भरलेला. धोतरवाली म्हातारी, लुगड्यातल्या बाया, दाढीवाले बाबा, समदे धडाधडा खाली उतरले. ट्रक चालवत व्हता मौला. त्येची आई मदिनाबी पयली घरात शिरली. चुलीजवळच्या कोपऱ्यात जाऊन तिनं भुईला हात लावला.

"साब, राजा-बिजा मेरेकू नै मालूम. मेरा मौला इसी कोनेमें पैदा हुआ. मल्लव्वाने अपने हाथसे नाळ काटी."

मौला दारात हुबा. सा फुटी गडी, चौकटीत मावंना. साहेब त्येच्याकडं बगतच ऱ्हायले. मग एकेक जन सांगायला लागला, कुनी कानडीत, कुनी मराठीत, आन साहेबांचा हात लिवताना थांबंना.

शेवटी ते म्हनले, "रस्ता वळवायची शिफारस मी करतो. वास्तूला नाव काय द्यायचं?"

"पंचाक्षरींचं द्या. बांधलं त्येंनी," गुरप्पा म्हनला.

"शिवबाई का भी लिखो," मदिनाबी म्हनली. "पीसी तो यहीच."

खोटं कशाला बोलू, जीव सुखावला. पंचवीस वर्सांनी कुनाच्या तरी ध्यानात आलं की दळत कोन व्हतं. पर म्या म्हनलं, "न्हाय. मल्लव्वा लिवा. नुसतं मल्लव्वा. कुनाची बायकू, कुनाची आई, काय लिवू नका."

वरीसभरानं हुकूम आला. रस्ता आमच्या घराला वळसा घालून गेला, दारात पाटी लागली, आन एस्टीचा थांबाबी झाला. परवा सोलापूरनं येत व्हते. गाडी गच्च. पोरगेला कंडक्टर, नवीनच असंल, त्येनं घंटी वढली आन वरडला, "मल्लव्वा! चला, मल्लव्वा कोन हाय? उतरा बिगीबिगी!"

समदी गाडी माझ्याकडं बगाय लागली. म्या पिशवी उचलली, पदर सावरला, मान ताठ केली.

"म्या हाय की," म्हनलं, आन उतरले.